दोरी उलटली की

उपकेंद्राला दोन खोल्या. पुढच्या खोलीत तपासणीचा लोखंडी पलंग, वजनकाटा, औषधांचं कपाट आणि एक बाकडं. मागच्या खोलीत सुईबाई राहतात. मधल्या दाराला कडी नाही. चौदा वर्षांपूर्वी त्या नर्स म्हणून रुजू झाल्या तेव्हा होती. एका हिवाळ्यात ती निखळली, आणि आपण दार लावणार तरी कुणापासून, असं म्हणून त्यांनी ती परत बसवली नाही.

बाहेर रस्ता. रस्त्यापलीकडे माळ, आणि तो कुठे संपतो हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. बाजूला पाण्याची उंच टाकी आहे. फोनला रेंज हवी असेल तर टाकीच्या शिडीवर अकरा पायऱ्या चढाव्या लागतात. बाराव्या पायरीवर रेंज पुन्हा जाते. असं का, ते कुणालाच सांगता आलेलं नाही. रविवारी सकाळी सुईबाई अकराव्या पायरीवर उभं राहून नवऱ्याशी बोलतात. तो दूरच्या एका शहरात छापखान्यात आहे. एका हातानं शिडी धरून माणूस किती वेळ बोलणार? दोघांचा संसार हळूहळू त्या शिडीच्या मापाचा झाला. जेवण झालं का, मुलाचा फोन आला होता का, बदलीचं काय झालं. बदलीचा अर्ज त्यांनी चारदा केला. पाचव्यांदा करायचा राहून गेला, आणि तो का राहिला हे नवऱ्यानंही विचारलं नाही.

सुईबाई हे नाव मेंढपाळांनी दिलं. त्यांचे कळप माळावर फिरत असतात आणि फिरता फिरता वर्षातून चार-पाचदा या रस्त्याच्या आसपास येतात. कळप आला की बायका दवाखान्यात येतात, पण येतात त्या दुसरंच काहीतरी घेऊन. मुलाचा खोकला, सासूचा गुडघा. एकदा एकीनं लंगडी शेळी आणली होती. शेळीच्या पायाला मलम लावून झालं, पट्टी बांधून झाली, शेळी दाराबाहेर गेली, आणि मग ती बाई उंबऱ्यावर पाठमोरी उभी राहून हळूच म्हणाली, ती तीन महिन्यांची सुई असते म्हणे, ती आहे का? सुईबाई म्हणाल्या, आहे की, शेळीला कशाला दमवलंस?

मूल राहू नये म्हणून दंडात घ्यायची ती सुई. तिला बर्फ लागत नाही, गोळीसारखी रोज लपवावी लागत नाही. तेरा आठवड्यांनी पुन्हा घेतली की झालं. अडचण सगळी त्या तेरा आठवड्यांत होती. सुईबाईंनी आधी कार्ड दिली. ती पावसात भिजली, नाहीतर सासूच्या हाती लागली. फोनवर आठवण करून द्यावी, तर फोन नवऱ्याच्या खिशात. चंद्रावर मोजायला सांगितलं, तर ढगांच्या दिवसांत महिनाभर चंद्रच दिसेना, आणि बाई उगाच वर पाहत बसली की जावा विचारायला लागल्या, काय ग, कुणाची वाट बघतेस?

मग सुईबाईंच्या लक्षात दोरी आली.

मेंढपाळांचं घर म्हणजे पाल. पाल उभारायचं आणि उतरवायचं काम बायकांचं. पालाची मुख्य दोरी ज्या जागी ताणली जाते तिथे झिजते, म्हणून दर तळाला ताणाची जागा थोडी सरकवायची आणि तळ उठला की दोरीच्या शेपटाला एक गाठ मारायची. अशा सहा गाठी झाल्या की गाठी सोडून दोरी उलटी बांधायची, म्हणजे न झिजलेली बाजू ताणाखाली येते. प्रत्येक पालात हे चालतं आणि पुरुष त्याकडे बघतही नाहीत. एका जागचा चारा साधारण पंधरा दिवस पुरतो, मग तळ उठतो. सहा तळ म्हणजे नव्वद दिवस. सुईबाईंनी हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा त्या एकट्याच मोठ्यानं हसल्या होत्या. तेव्हापासून त्या बायकांना एवढंच सांगायच्या: दोरी उलटली की या.

नऊ वर्षं हे बिनबोभाट चाललं. चार दिवस इकडे-तिकडे व्हायचे, तेवढ्याला सुई सांभाळून घेते. वरिष्ठ कार्यालयातल्या एका बैठकीत त्यांनी ही पद्धत सांगितली तेव्हा साहेबांनी मान डोलावली आणि चहा मागवला. सुईबाईंच्या नोकरीतला मानाचा प्रसंग विचाराल तर तो तेवढाच.

सुई घेणाऱ्या अकरा जणींत एक होती धाकटी. मोठ्या कळपातल्या घरची धाकटी सून, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणत. तिच्या चौथ्या बाळंतपणात रक्त थांबेना. कळप वर गेला होता, सासू आणि नवरा मेंढ्यांमागे. एका लोकरीच्या ट्रकवाल्यानं तिला गाठोड्यांवर निजवून उपकेंद्रात आणलं आणि सुईबाई तिच्या पोटावर मूठ दाबून धरत त्याच ट्रकमधून शहराच्या रुग्णालयापर्यंत गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही वाचली हेच खूप झालं. पाचवं राहिलं तर वाचणार नाही. हे ऐकायला तिथे दोघीच होत्या. घरी धाकटीनं अर्धंच सांगितलं, की वाचले. उरलेलं अर्धं सांगायची सोय नव्हती. सासूचं म्हणणं असं, की सुई घेतलेल्या बाईचं दूध आटतं आणि तिनं हात लावलेल्या मेंढीचंही आटतं.

त्या वर्षी गवत फार चांगलं आलं.

इतकं की जुनी माणसंही आठवू लागली की असं आधी कधी आलं होतं. कळप एकेका जागी पंधराच्या जागी पंचवीस, सत्तावीस दिवस बसून राहिले. मेंढ्या गोल झाल्या. ट्रकवाले दाराशी थांबून सांगून जायचे, बाई, यंदा माळावर मजा आहे. सुईबाईंनाही बरं वाटलं. वहीत अकरा नावांपुढच्या तारखा एक एक करून उलटून जात होत्या आणि कुणी येत नव्हतं. ते त्यांना दिसत होतं. कळप वरच्या वाटेनं गेले असतील, तिकडच्या दवाखान्यात घेतली असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. बोलायला शेजारी कुणी नसलं की माणूस स्वतःची समजूत फार लवकर काढतो.

एका मंगळवारी सकाळी आठाच्या सुमाराला धाकटी आली. सोबत कानाला फडकं बांधलेली मुलगी. नवरा घोडा घेऊन टाकीच्या सावलीत थांबला होता. मुलीच्या कानात थेंब घालून झाले, तिला बाकड्यावर बसवलं, आणि धाकटी बाही वर सारत म्हणाली, "कालच दोरी उलटली. आज लगेच आले."

तिच्या आवाजात शाबासकीची वाट पाहणारं काहीतरी होतं.

सुईबाईंनी वही उघडली, बोट ओळीवरून नेलं, मग भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून टेबलावर आणलं. तेवीस आठवडे झाले होते. त्यांनी दोनदा मोजले. मग कपाटातून तपासणीची पट्टी काढून तिला दिली. धाकटीला ती पट्टी माहीत होती. ती मागे जाऊन आली आणि दोघी पट्टीकडे बघत उभ्या राहिल्या. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. दुसरी रेघ अगदी सावकाश, जणू तिला यायचं नव्हतं.

"पण मी एकही गाठ चुकवली नाही, बाई."

"तू नाही चुकलीस."

"मग कोण चुकलं?"

"मी," सुईबाई म्हणाल्या. "तळ लांबले, ते मला कळायला हवं होतं."

धाकटीनं बाही खाली ओढली. ती रडली नाही, चिडली नाही. मुलीच्या कानावरचं फडकं सैल झालं होतं, ते तिनं नीट बांधलं. सुईबाईंना वाटलं, हिनं काहीतरी बोलावं, निदान बोल तरी लावावा. तिनं फक्त विचारलं, आता काय. सुईबाईंनी सांगितलं: अजून फार दिवस झालेले नाहीत. मोकळं करून घ्यायचं असेल तर शहरात होतं, त्यासाठी तिच्याच अंगठ्यानं भागतं, दुसऱ्या कुणाची सही लागत नाही. डॉक्टरीणबाई फक्त मंगळवार-बुधवार असतात. बस नऊला. ठेवायचं असेल तर सातव्या महिन्यापासून शहरातच राहावं लागेल, आणि तरीही खात्री नाही.

तेव्हा कळप कुठे असेल हे सांगता येत नव्हतं. शहरात राहायचं म्हणजे कुणाकडे, हेही नव्हतं. धाकटी म्हणाली, नऊची बस म्हणजे आताच निघायला हवं.

नवऱ्याला खरं सांगायचं नाही, हे तिनंच ठरवलं. माणूस वाईट नाही, म्हणाली, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. त्याला कळलं की संध्याकाळी सासूला कळलंच. तेव्हा दाढ दुखते असं ठरलं. सुईबाईंनी कापसाचा बोळा करून दिला आणि तो गालात धरून ती बाहेर आली. नवऱ्याला मोठं नवल वाटलं. दाढ काढायला शहरात कशाला, म्हणाला. खुरं कापायची पक्कड आहे की आपल्याकडे. सुईबाई म्हणाल्या, मग आधी तुमची काढून दाखवा. तो ओशाळून हसला, मुलीला घोड्यावर पुढ्यात घेतलं आणि दोन दिवसांनी न्यायला येतो म्हणाला. गवत आहे, तळ इतक्यात हलत नाही.

सुईबाईंनी दाराला कुलूप लावलं. तशी परवानगी त्यांना नव्हती.

बसमध्ये धाकटी खिडकीशी बसली आणि वाटेत दिसलेल्या प्रत्येक कळपाकडे बघून तो कुणाचा ते सांगत गेली. पोटातल्याबद्दल एक शब्द नाही. सुईबाई ऐकत होत्या. इतकी वर्षं या बायका त्यांच्या खोलीत आल्या, दंड पुढे केला आणि गेल्या; त्यांच्याशी असं शेजारी बसून बोलणं कधी झालंच नव्हतं. झालं तेही आज, अशा कामासाठी.

रुग्णालयातल्या खिडकीवर केसपेपर करणाऱ्यानं नाव विचारलं, वय विचारलं, गाव विचारलं.

"आताचं?" धाकटीनं विचारलं.

तो म्हणाला, आताचं म्हणजे काय, गाव ते गाव. तिनं सुईबाईंकडे पाहिलं. गाव नसलं तर संगणक पुढे जात नव्हता. मागची रांग कुरकुरायला लागली, तसा सुईबाईंनी उपकेंद्राचा पत्ता सांगितला. आणि नातं विचारलं तेव्हा थोडं थांबून बहीण म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी धाकटीला ओळखलं नाही, पण जुने कागद पाहून ओळखलं. रक्त कमी होतं, तरी दिवस थोडे असल्यानं करता येईल म्हणाल्या. नियमाप्रमाणे त्यांनी सुईबाईंना बाहेर जायला सांगितलं, म्हणजे बाई स्वतःचं स्वतः बोलेल. सुईबाई दाराबाहेर उभ्या राहिल्या. दार पातळ होतं.

"तुला हे ठेवायचंय का?"

धाकटी म्हणाली, "चार आहेत मला. त्या चौघांना आई ठेवायची आहे."

दुपारी झालं. धाकटी खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजली होती. कायमचं ऑपरेशन करून टाका, असं तिनं आपणहून विचारलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यासाठी रक्त वाढायला हवं, एक. आणि नवऱ्याला घेऊन ये, दोन. सुईबाई म्हणाल्या, नवऱ्याची सही तर कायद्यात कुठे नाही. डॉक्टरीणबाई थकलेल्या होत्या. कायद्यात नाही, इथे आहे, म्हणाल्या. मागे एका नवऱ्यानं येऊन काचा फोडल्या, तेव्हापासून आहे. तोवर सुई चालू ठेवा. आणि जाताना तिला एक सुई दिली.

सुईबाई वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून राहिल्या. येणारे-जाणारे त्यांच्या गणवेशाकडे पाहून रस्ता विचारायचे, क्ष-किरण कुठे, रक्त कुठे द्यायचं. त्यांना तिथलं काही माहीत नव्हतं. त्यांच्या डोक्यात उरलेल्या दहा जणी होत्या. त्यांतली प्रत्येक बाई कुठल्यातरी माळावर, कुठल्यातरी पालात, निर्धास्तपणे गाठ मारत होती, कारण सुईबाईंनी तसं सांगितलं होतं.

बुधवारी परतताना बसमध्ये धाकटीनं विचारलं, "मग आता पुढची कधी?"

या प्रश्नाला नऊ वर्षं एकच उत्तर होतं.

"दोरी नको आता," सुईबाई म्हणाल्या. "मीच येते."

"कुठे?"

"तुम्ही असाल तिथे."

त्या दोन दिवसांत धाकटी पहिल्यांदा हसली. "आम्ही कुठे असू ते मेंढ्या ठरवतात, बाई."

कार्यालयातून पत्र आलं: उपकेंद्र दोन दिवस विनापरवानगी बंद ठेवल्याबद्दल खुलासा सादर करावा. सुईबाईंनी तीन ओळींचा खुलासा लिहिला. पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी ट्रकवाल्यांना, विहिरीवरच्या पंपवाल्यांना, लोकर घेणाऱ्यांना विचारून विचारून उरलेल्या दहांपैकी सात जणी गाठल्या. दोघींना दिवस गेले होते. त्यांतली एक खूश होती, दुसरीनं पाणी प्यायलाही बसवलं नाही. तिघी कुठे गेल्या ते कळलं नाही. नवरा रविवारी म्हणाला, तू पहिल्यासारखी बोलत नाहीस. पहिल्यासारखं म्हणजे कसं, हे दोघांनाही आठवेना.

तेराव्या आठवड्याच्या सोमवारी त्यांनी पिशवी भरली. सुई, कापूस, मुलांचं वजन करायचा टांगता काटा, भाकरी-चटणी. दारावर चिठ्ठी लावली, यावेळी परवानगीच्या अर्जाची तारीख घालून. उत्तर आलं नव्हतं. लोकरीच्या ट्रकनं त्यांना सांगितलेल्या वळणावर सोडलं. तळाच्या जागी चुलीचे तीन दगड होते, राख गार होती, आणि चहूकडे लेंड्या. पंपवाला म्हणाला, परवाच उठले, उत्तरेला गेले. रात्री त्या पंपवाल्याच्या बायकोजवळ झोपल्या आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेला चालत राहिल्या. ऊन चढलं. दुपारी लांबून पालं दिसली, आणि पालांच्या आधी कुत्री. तीन होती. सुईबाई आहे तिथेच थिजल्या. कुणीतरी शीळ घातली तेव्हा ती मागे फिरली.

धाकटीची सासू पालाच्या सावलीत मेंढी आडवी पाडून लोकर कातरत होती. तिनं वर पाहिलं आणि कातरी चालूच ठेवली. सुईबाई म्हणाल्या, मुलांची वजनं घ्यायला आले आहे.

"चौदा वर्षांत कधी माळ तुडवला नाहीत," सासू म्हणाली. "आणि आज वजनाला?"

काटा पालाच्या बांबूला टांगून त्यांनी मुलांची वजनं केली. चार मुलं, सावकाश. त्यांना वाटत होतं, म्हातारी उठेल, पाण्याला जाईल, पाच मिनिटं पाठ फिरवेल. म्हातारी उठली नाही. एक मेंढी झाली, तिनं दुसरी ओढली. धाकटी पलीकडे कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. ती रोडावली होती, पण चेहऱ्यावर रंग होता. वजनं संपली. काटा पिशवीत गेला. आता निघण्याखेरीज काही उरलं नव्हतं, आणि सुई तशीच परत नेली तर हे सगळं चालणं फुकट होतं.

धाकटीनं कोकरू खाली ठेवलं, येऊन सुईबाईंपुढे बसली आणि बाही वर सारली.

"कसली सुई?" सासूनं विचारलं.

सुईबाईंच्या तोंडात रक्तवाढीची हा शब्द तयार होता. पण धाकटी आधी बोलली. ती सासूकडे न बघता, रोजच्या आवाजात बोलली. "पोर राहू नये म्हणून. चौथ्या वेळी मी जाता जाता राहिले, तेव्हा तुम्ही मेंढ्यांमागे होतात. या होत्या. आता राहिलं तर मी मरेन, असं डॉक्टर म्हणतात. आणि मागे गेले होते ती दाढेसाठी नव्हते गेले."

कातरीचा आवाज थांबला. अर्धी कातरलेली मेंढी पाय झाडत होती, तिला म्हातारीनं गुडघ्यानं दाबून धरलं होतं. नवरा पालामागे काहीतरी ठोकत होता, तेही थांबलं. सुईबाईंनी कापसानं दंड पुसला. कोपर मांडीला टेकवलं आणि सुई दिली. एवढ्या वर्षांत हजारो दिल्या असतील. पण उघड्यावर, सगळ्यांसमोर, ही पहिलीच.

मग कातरी पुन्हा चालू झाली.

चहा झाला नाही. थोरल्या मुलीनं आपणहून तांब्याभर पाणी आणून दिलं. धाकटी बाही सारखी करून कोकराकडे गेली. मध्येच तिनं एकदा मागे वळून पाहिलं, तेवढंच. सुईबाई पिशवी उचलून निघाल्या. पंधरा-वीस पावलं गेल्या असतील, तेव्हा सासूची हाक आली.

"बाई."

त्या वळल्या. म्हातारी मान वर न करता बोलत होती.

"पुढच्या वेळी लांबूनच हाक द्या. कुत्री मोकळी असतात."

हे धमकावणं होतं की काळजी, हे सुईबाईंना रस्ता लागेपर्यंत ठरवता आलं नाही. म्हातारीच्या आवाजात माया नव्हती, रागही नव्हता. मेंढीबद्दल बोलावं तसं ती बोलली होती. पण पुढची वेळ आहे, हे तिनं म्हटलं होतं, आणि सगळ्यांनी ऐकलं होतं.

ट्रक संध्याकाळी येणार होता. सुईबाई रस्त्याकडेला पिशवीवर बसल्या. पायांना फोड आले होते. त्यांनी चपला काढून ठेवल्या आणि बोटांवर आठवडे मोजायला लागल्या. बोटं कमी पडली तेव्हा पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. बराच वेळ रस्त्यावरून काहीही गेलं नाही.